तंजावरच्या भिंतीवरची मराठी

तंजावरची तिकिटं काढली तेव्हा आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मराठीवरून खडाजंगी चालू होती. २०२५च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र सरकारने पहिलीपासून हिंदी सक्तीची केली. जूनमध्ये शब्द फिरवून तोच आदेश पुन्हा काढला आणि लोक उठल्यावर २९ जूनला दोन्ही आदेश मागे घेतले. पाठोपाठ मराठी बोलत नाही म्हणून दुकानदाराच्या कानाखाली मारल्याचे व्हिडिओ फिरू लागले. ग्रुपचे दोन तट पडले. "इथे राहायचं तर मराठी आलीच पाहिजे" म्हणणारे एकीकडे, "पोट भरायला आलेल्या माणसाला छळू नका" म्हणणारे दुसरीकडे. मला कुणीतरी म्हणालं, तू जर्मनीत बसून काय सांगणार?

तो प्रश्न डोक्यात घेऊनच मी डिसेंबरात तंजावरला गेले. सोबत नवरा आणि अकरा वर्षांची मुलगी. ती लाइपझिगमध्ये जन्मली, घरात मराठी बोलते, बाहेर जर्मन.

बृहदीश्वराचं देऊळ राजराज चोळाने १०१० साली पुरं केलं, त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. साठ मीटरहून उंच विमानाखाली, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराखाली, माणूस गप्प होतो, एवढं सांगून पुढे जाते, कारण मला दाखवायची आहे ती भिंत. देवळाभोवतीच्या प्राकाराच्या नैऋत्य बाजूला दगडात ओळीमागून ओळी देवनागरी कोरलेली आहे. तंजावरचे मराठे राजे सरफोजी दुसरे यांनी १८०३ साली भोसले घराण्याचा अख्खा इतिहास तिथे मराठीत कोरून घेतला. माणसांच्या हातांनी खालची अक्षरं गुळगुळीत झालीत, वरची अजून धारदार आहेत. दुपारचा दगड तळव्यांना चटके देत होता, म्हणून आम्ही सावलीच्या पट्ट्यात उभे होतो.

"आई, हे हिंदी आहे का?" मुलीने विचारलं.

मी "नाही गं, मराठी" म्हणाले. मग ती बोट फिरवत एकेक अक्षर लावू लागली. देवनागरी तिला मी शिकवली होती, पण अर्धवट. शनिवार सकाळी अर्धा तास, तोही पोहण्याचा क्लास नसेल तर. बऱ्याच वेळाने तिला एक शब्द लागला, "राजे". तिला केवढा आनंद झाला! आणि माझ्या पोटात खड्डा पडला. मी पुण्याच्या मराठी शाळेत शिकलेली बाई. एका पिढीत आमच्या घरची मराठी भिंतीवरचं एक अक्षर लावण्याइतकी उरली होती.

दुसऱ्या दिवशी ओळखीतून एका घरी गेलो. तंजावरी मराठी माणसं. सत्तरी ओलांडलेल्या आजींनी दारातच "या, बसा, काफी घ्या" म्हटलं आणि मला भरून आलं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी १६७५-७६च्या सुमारास इथे गादीवर बसले. त्यांच्यामागून कारभारी, शास्त्री, कीर्तनकार, शिपाई येत राहिले. राज्य १८५५ साली इंग्रजांनी खालसा केलं. तेव्हापासून या भाषेला ना दरबार, ना शाळा, ना वर्तमानपत्र. तरी आजींच्या स्वयंपाकघरात ती जिवंत आहे. हेल तमिळ आहे, पण पानात डांगर पचडी आली तेव्हा मला माझ्या आजीचं दह्यात कालवलेलं उडदाचं डांगर आठवलं. वर हिंगाची तीच फोडणी.

आजींनी त्यांची पाककृतींची वही काढली. पानं पिवळी, तेलाचे डाग, अक्षर मोत्यासारखं, पण सगळं तमिळ लिपीत. मला एक अक्षर वाचता येईना. मग त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि वहीतून मराठी बाहेर पडू लागली. जिरं, मेथी, कोथिंबीर, "बारीक करून घे". तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना एकच अक्षर. मी विचारलं, तुम्हाला कळतं कसं कुठे काय म्हणायचं? त्या म्हणाल्या, "आई म्हणायची ते कानात आहे." त्यांची नातवंडं चेन्नईत आणि टेक्सासात. त्यांच्या कानात ते नाही. वही त्यांना वाचता येईल, पण ऐकू येणार नाही.

राजवाड्यात सरस्वती महाल ग्रंथालयासमोर उभी असताना ती वही माझ्या डोक्यातून जाईना. ग्रंथालयाचा पाया मराठ्यांआधीच्या नायक राजांच्या काळातला, पण त्याला खरं रूप दिलं सरफोजींनी. हा राजा विलक्षण होता. १७९९च्या तहाने इंग्रजांनी त्याच्याकडे किल्ला आणि आजूबाजूचा थोडा मुलूख एवढंच ठेवलं. फौज नाही, सत्ता नाही. हातात उरलेला पैसा आणि वेळ त्याने विद्येत घातला. शाळा काढली, औषधांसाठी धन्वंतरी महाल उभारला, देवनागरी छापखाना घातला आणि १८०६ साली इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. तेव्हा पुण्यात अजून पेशवाई होती! दरबार हॉलमध्ये त्याचा संगमरवरी पुतळा आहे. उभा, हात जोडलेला. विजयाचा आवेश त्यात कुठेच नाही.

त्याचा गुरू श्वार्ट्झ हा जर्मन मिशनरी. तो शिकला हाले शहरात, म्हणजे आमच्या लाइपझिगहून ट्रेनने अर्ध्या-पाऊण तासावर. मी तिथल्या फ्रांके संस्थेत गेलेय. तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीच्या मिशनऱ्यांची पत्रं आणि तमिळ ताडपत्रं तिथे आजही जपून ठेवली आहेत. तंजावरच्या आमच्या राजाचा धागा माझ्या परदेशातल्या घराजवळून जातो हे मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं.

आणि सरफोजींच्या दरबारात भाषा किती! कारभार मराठीत, मोडी लिपीत. गाणं तेलुगूत, शास्त्रं संस्कृतात, प्रजा तमिळ. त्याच्या शंभर वर्षं आधी तंजावरच्याच शाहजीराजांनी एका नाटकात पाच भाषा एकत्र नांदवल्या, मराठी त्यातली एक. मराठी कीर्तनातल्या साकी-दिंड्या, म्हणजे त्या छंदांतल्या रचना, तमिळ हरिकथेत गेल्या, त्या आजही गायल्या जातात. कुणी कुणाकडून बळजबरीने वदवल्या म्हणून त्या गेल्या नाहीत. गोड लागल्या म्हणून गेल्या.

पण इथेच मला ग्रुपवरच्या दुसऱ्या तटालाही काही सांगायचंय. भाषा प्रेमाने आपोआप टिकते, हा भाबडेपणा तंजावर मोडून काढतं. प्रेम आजींकडे भरपूर होतं. तरी लिपी गेली. सरस्वती महालात मोडी कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत आणि ते वाचू शकणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. त्यातल्या काहींचे तमिळ अनुवाद तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने केले. म्हणजे आपल्या दप्तरांची काळजी तमिळ लोकांनी घेतली. ज्या राज्याने १९६८पासून तमिळ आणि इंग्रजी असं द्विभाषा धोरण ठेवून हिंदीला शाळेबाहेर ठेवलं, त्याच राज्याने आपली हस्तलिखितं सांभाळली. स्वतःच्या भाषेबद्दल कडवं असणं आणि दुसऱ्याच्या भाषेची कदर करणं या दोन गोष्टी एकत्र राहू शकतात, हे मला तिथे दिसलं.

म्हणून पहिलीच्या पोरांवरची हिंदी सक्ती मागे घेतली ते योग्यच झालं असं मी ठामपणे म्हणते. सहा वर्षांचं मूल आधी आपल्या भाषेत पक्कं होऊ दे. आणि महाराष्ट्रात राहणाऱ्याने मराठी शिकावी ही अपेक्षाही रास्त आहे. जर्मनीने माझ्याकडून जर्मन मागितलीच. पण कशी मागितली, ते पाहा. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले तेव्हा मला एकात्मता वर्गात घातलं. भाषेच्या ६०० तासिका, वर आणखी काही देशाच्या इतिहासाच्या आणि कायद्याच्या. सीरियन न्हावी, युक्रेनियन नर्स आणि मी एका बाकावर. फी सवलतीत, वर्ग घराजवळ, शेवटी परीक्षा. त्याआधी एका कचेरीच्या खिडकीवर मला जर्मन येत नाही म्हणून तिथल्या बाईने कागद परत सरकवला होता आणि मी जिन्यात उभी राहून रडले होते. त्या दिवशी मी एक शब्द शिकले नाही. शिकले ते वर्गात.

बिहारहून हडपसरला आलेल्या सुताराला आपण असं काय दिलंय? त्याच्या वॉर्डात, काम सुटल्यावर, फुकट किंवा चहाच्या पैशात मराठी शिकवणारा वर्ग हवा. थप्पड मारायला माणसं मिळतात, तर शिकवायला का मिळू नयेत? अभिजात दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ला मिळाला, पेढे वाटले, मीही इथे वाटले. आता मोडी वाचणारी शंभर तरुण माणसं तयार करून तंजावरला पाठवा. बंद पडत चाललेल्या मराठी शाळांना शिक्षक द्या.

लाइपझिगहून दोन तासांवर बाउट्सन आहे. तिथे सोर्ब लोक राहतात, त्यांची भाषा स्लाव्ह, जर्मनपेक्षा पार वेगळी. बोलणारे थोडेच हजार. तरी गल्लीच्या पाट्या दोन भाषांत, नाटकं दोन भाषांत, बालवाड्यांत सोर्बियन आणि आमच्या विद्यापीठात तिचा स्वतंत्र विभाग. हा सगळा सरकारी खर्च आहे, दरवर्षीचा. एवढं करूनही ती भाषा धापा टाकते आहे. मग काहीच न करता नुसत्या घोषणांवर आपली कशी टिकेल?

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. काहींनी अंगठे दिले, एक मैत्रीण चिडली. "तुझी मुलगी तरी वाचते का?" तिने विचारलं. तिचा प्रश्न बरोबर होता.

आता आमचा शनिवार बदललाय. आजींनी वही वाचलेली मी फोनवर रेकॉर्ड करून आणली आहे. पोहण्याचा क्लास दुपारी हलवला. मुलगी ऐकते, थांबवते, पुन्हा ऐकते आणि देवनागरीत लिहून काढते. काल ती पचडीपर्यंत आली. 'डांगर' लिहिताना पेन्सिल थांबली, तिला क ऐकू येतोय की ग, ते ठरेना. तिने रेकॉर्डिंग मागे नेलं आणि आजींचा आवाज पुन्हा लावला.