मर्लो, मासे आणि कोड: त्या फॉरवर्डला उत्तर

माझ्या मामेबहिणीच्या मनगटावर दोन वर्षांपूर्वी पांढरा डाग उठला. कोड आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. औषध चालू आहे. परवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला आणि त्याच्याखाली आमच्या एका काकांनी तिलाच विचारलं, "गोव्याला गेलीस तेव्हा हेच खाल्लं होतंस ना?" ती मालवणात घरी पर्यटक उतरवते, त्यांना रांधून घालते. त्या दिवसापासून ग्रुपवर तिचा शब्द नाही. म्हणून हे लिहितोय.

फॉरवर्ड म्हणतो: रेड वाइन, त्यातही मर्लो (याच नावाच्या काळ्या द्राक्षाची वाइन), माशांबरोबर घेतली की कोड येतं, ती फ्रीजमध्ये कधीच ठेवायची नाही, जितकी जुनी तितकी भारी, ग्लासच्या आतून ओघळ जास्त तर वाइन अस्सल, आणि रोज एक ग्लास म्हणजे हृदयाचं औषध.

पहिली गोष्ट धादांत खोटी आहे. कोडात शरीराची प्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवरच उलटते. ताटात कशाबरोबर काय वाढलं, याने ते होत नाही. मासे आणि दुधाची जुनी भीती कुणीतरी उचलून वाइनला चिकटवली आहे. अंगावर चट्टे उठतात ते वेगळ्या कारणाने. बांगडा बर्फाशिवाय उन्हात राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं, ते तळूनही जात नाही. असा मासा खाल्ला की चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, चट्टे येतात, मग सोबत वाइन असो वा पाणी. पण ते चट्टे लाल असतात आणि बहुधा दिवसभरात मावळतात. ते कोड नव्हे. आजारी बाईला "तू काय खाल्लंस" विचारणं हा निव्वळ दुष्टपणा आहे, मग विचारणारा वयाने कितीही मोठा असो.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. रेड वाइन आणि मासे चवीला बरेचदा जमत नाहीत. जपानमधल्या मर्सियन या वाइन कंपनीच्या संशोधकांनी २००९ मध्ये याचं कारण छापलं. ३८ रेड आणि २६ व्हाइट वाइन त्यांनी स्कॅलप या शिंपल्याबरोबर चाखून पाहिल्या. तोंडात उरणारा उग्र मासळी वास वाइनमधल्या लोहामुळे येतो, असं दिसलं. लोह बांधून टाकलं की वास गेला. म्हणजे दोष रंगाचा नाही. लोह कमी असलेली रेड वाइन चालूनही जाते. तरी तेलकट बांगड्याबरोबर मी मर्लो उघडणार नाही. तिरफळं घातलेल्या तिखट कढीबरोबर तर नाहीच, कारण अल्कोहोलने तिखट आणखी झोंबतं.

मर्लो चाखायची तर आधी पिकलेल्या प्लमची, काळ्या चेरीची चव शोधा, मग शेवटी येणारा तुरटपणा. जांभळं खाऊन वाढलेल्या जिभेला तुरट म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. मर्लोचा तुरटपणा कॅबर्ने सोव्हिन्यॉं या दुसऱ्या रेड वाइनपेक्षा सहसा मऊ असतो. भाजलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाटणातलं सुकं मटण, मसाला बेताचा ठेवून, तिच्याबरोबर छान लागतं; मटणाच्या चरबीने तुरटपणा आणखी निवतो. काळ्या वाटाण्याची उसळही चालते. सोलकढी मात्र नंतर प्या. तिच्या आंबटपणापुढे वाइन मिळमिळीत लागते.

फ्रीजचं म्हणाल तर "खोलीचं तापमान" हे युरोपातल्या थंड घरांचं माप आहे. मर्लोला साधारण १५ ते १८ अंश लागतात. मे महिन्यात मालवणातल्या खोलीत ३३ असतं. तशी प्यायली तर नुसत्या अल्कोहोलचा भपका येतो. दीड-दोन तास फ्रीजमध्ये ठेवा.

जुनी म्हणजे भारी, हे फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या पोमरोलसारख्या ठिकाणच्या निवडक बाटल्यांना लागू पडतं. बाकीची बहुतेक मर्लो काही वर्षांतच प्यायची असते, आणि आपल्याकडच्या उकाड्यात कपाटात ठेवलेली तर बिघडतेच. ओघळांवरून फार तर अल्कोहोलचा अंदाज येतो, प्रत कळत नाही.

हृदयाच्या औषधाबद्दल: दारूचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. आवडते म्हणून घ्या, औषध म्हणून नको.

काका, तुम्ही हे वाचाल. तो मेसेज पुसा आणि आज तिला फोन करा.