अण्णांच्या कम्प्युटरचा आधार संपला

मी पीव्हीसी पाइप विकतो. म्हणजे डीलरकडे जायचं, ऑर्डर घ्यायची, पेमेंटसाठी तगादा लावायचा आणि रात्री लॅपटॉपवर एक्सेल भरायचं. लग्न ठरत होतं तेव्हा मधल्या माणसाने मला नेमकं एक्सेल भरताना पाहिलं आणि डोंबिवलीला जाऊन सांगितलं, मुलगा कम्प्युटरमधे आहे. बारा वर्षं झाली, मी अजून कम्प्युटरमधेच आहे, बाहेर पडायला रस्ता मिळालेला नाही.

सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. सरकारी ऑफिसातून रिटायर, २२ फ्लॅटच्या सोसायटीचे सेक्रेटरी, आणि हॉलच्या कोपऱ्यात सासूबाईंनी विणलेल्या क्रोशाच्या कव्हरखाली २०१४ साली घेतलेला डेस्कटॉप. त्यांचा फोन साधारण असा असतो.

"अहो जावईबापू, काहीतरी आलंय."

"काय आलंय अण्णा?"

"इंग्रजीत आलंय."

"जरा वाचून दाखवता का?"

"आता गेलं ते. ओके केलं मी."

ह्यावर माझ्या सख्ख्या बापाला मी काय बोललो असतो ते इथे लिहिता येणार नाही. पण सासऱ्यांना कसं बोलणार, म्हणून मी फक्त "असू दे, असू दे" म्हणतो. एकदा म्हणाले सोसायटीची फाइल गेली. शोधली तर डाउनलोडमधे सापडली, आणि तिच्या शेजारी लाइट बिल एक, लाइट बिल दोन करत करत लाइट बिल एकोणीसपर्यंत सगळी भावंडं होती, कारण बिल बघायचं असलं की अण्णा ते दरवेळी नव्याने उतरवून घेतात. सासूबाईंची तक्रार एकच, डोंगराचा फोटो हलवायचा नाही. तो जुन्या विंडोज एक्सपीवाला हिरवा डोंगर, निळं आकाश. तो फोटो चार्ल्स ओरिअर नावाच्या माणसाने १९९६ साली कॅलिफोर्नियात काढला, हे मी एकदा हौसेने सांगितलं. सासूबाई म्हणाल्या असेल, पण हे पाचगणीचं टेबललँड आहे, आम्ही हनिमूनला गेलो होतो. विषय संपला.

तर गेल्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, सकाळी सात वाजता फोन. ह्यावेळी अण्णांनी ओके केलं नव्हतं कारण मेसेजने अख्खा स्क्रीन व्यापला होता आणि ते जाम घाबरले होते.

"अहो, आधार संपलाय म्हणतोय."

आता माझीही झोप उडाली. आधार कसा संपेल? मग लक्षात आलं की अण्णांनी ह्यावेळी नुसतं वाचलं नव्हतं, मराठीत भाषांतर करून ठेवलं होतं. विंडोज दहाचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपत होता. पण तोवर शेजारच्या काकांनी येऊन सांगितलं होतं की कम्प्युटरला आधार लिंक करायचं राहिलं असणार, बँकेचं राहिलं होतं तेव्हा माझंही असंच बंद पडलेलं, आणि अण्णा खरोखर आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन कम्प्युटरसमोर बसले होते, फक्त ती कुठून आत घालायची तेवढंच सापडत नव्हतं.

दिवाळीला गेलो. उटणं, आंघोळ, फराळाचं ताट हातात, आणि ताटासकट मला खुर्चीवर कम्प्युटरसमोर बसवलं. आमच्याकडे पाडव्याला जावयाला ओवाळतात, मला वाटतं सीपीयूलाही ओवाळतील एखाद वर्षी.

अण्णांचा मुद्दा साधा होता. "चालतोय की! मग संपलं काय?"

मी सांगितलं बंद पडणार नाही, फक्त चोर शिरू नयेत म्हणून कंपनी जी फुकट डागडुजी पाठवते ती आता येणार नाही. तोंड तसंच. मग मी म्हटलं, अण्णा, महापालिका धोकादायक इमारतीची नोटीस लावते ना, लगेच पाडत नाही, लोक राहतात, फक्त उद्या काही कोसळलं तर जबाबदारी तुमची. हे मी बोलायला नको होतं. अण्णांची बिल्डिंग १९८७ ची आहे आणि रिडेव्हलपमेंटच्या तीन प्रस्तावांना त्यांनी एकट्याने लोळवलंय. "म्हणजे हेही बिल्डर लॉबीचंच काम!" पुढची वीस मिनिटं विषय कार्पेट एरियाचा होता.

बरं, सरळ विंडोज अकरा टाकू म्हणावं तर त्याला लागतं टीपीएम दोन नावाची सुरक्षेची चिप आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर, जो बाजारात आला २०१७ ला. अण्णांचा प्रोसेसर इंटेलचा आय थ्री, चौथ्या पिढीतला. पिढी म्हटल्यावर अण्णा म्हणाले मी स्वतः आमच्या घराण्यात सातव्या पिढीतला आहे, मलाही काढा. शिवाय अकरा त्यांना आधीपासूनच नापसंत. शेजारच्या काकांच्या मुलाच्या लॅपटॉपवर त्यांनी बघितलं होतं, स्टार्टचं बटण कोपऱ्यातून उचलून मधे आणलंय. "तुळशीवृंदावन कोणी हॉलच्या मधोमध आणतं का?" डावीकडे परत नेता येतं, सेटिंगमधे सोय आहे. मी सांगितलं नाही. तत्त्वाच्या माणसाला सोय सांगू नये.

मग उरला मधला रस्ता, सुरक्षेचे अपडेट एक वर्ष वाढवून घ्यायचे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यासाठी तीस डॉलर भरा, किंवा सेटिंगचा बॅकअप चालू केला की फुकट. फुकट ऐकून अण्णांचा चेहरा खुलला. फक्त अट एवढीच, मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉगिन करायचं.

पासवर्ड अण्णांच्या डायरीत होता. डायरी देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमधे, पंचांगाच्या खाली. इंग्रजीत अण्णा आणि पुढे बिल्डिंगचं साल. टाइप केला, चुकीचा. अण्णांनी टाइप केला, एका बोटाने, प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणत, अख्ख्या मजल्याला पासवर्ड कळला, कम्प्युटर सोडून. चुकीचा. शेवटी विसरलो वर क्लिक केलं. तर म्हणे कोड पाठवलाय, ज्या नंबरच्या शेवटी ४३ आहे त्यावर. आता हा ४३ कोण? अण्णांचा नाही, बायकोचा नाही, माझा नाही. भाऊबीजेच्या याद्या काढतात तसे सगळ्या नातेवाइकांचे नंबर काढून झाले आणि मग मेव्हण्याला सुचलं, आईचा! अकाउंट काढून देणाऱ्या दुकानातल्या पोराने त्या दिवशी जो फोन समोर दिसला त्याचा नंबर टाकून दिला होता.

सासूबाई खालच्या मजल्यावर फराळ द्यायला गेलेल्या. मी फोन लावला. म्हटलं आई, तुम्हाला एक मेसेज आला असेल, त्यातला नंबर सांगा पटकन.

पलीकडे शांतता.

"कोण बोलतंय?"

"आई, मी. जावई."

"ओटीपी कोणालाही सांगायचा नाही," सासूबाई एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या. "बँकेने सांगितलंय. जावयालाही नाही." फोन कट. परत लावला तर उचलेनात.

आता अण्णा बघतायत माझ्याकडे, मेव्हणा हसतोय, चकली मऊ पडायला लागलीय. मी उगाच मागे जाऊन पासवर्ड पुन्हा टाकला आणि चौकटीतल्या त्या डोळ्यावर क्लिक केलं, ठिपक्यांच्या जागी आपण काय लिहिलंय ते दाखवतं ते. तिथे लिहिलं होतं, ओललो.

ओललो आणि पुढे आकडे.

सकाळी सोसायटीच्या दिवाळी शुभेच्छा टाइप करून अण्णांनी कीबोर्ड मराठीतच ठेवला होता. मराठी कीबोर्डच्या इन्स्क्रिप्ट मांडणीत इंग्रजी कॅपिटल ए म्हणजे ओ, छोटा ए म्हणजे काना मात्रा आणि एन म्हणजे ल, त्यामुळे आपण इंग्रजीत अण्णा टाइप करतो आणि आत जातं ओललो. पासवर्ड पहिल्यापासून बरोबर होता. खाली उजव्या कोपऱ्यात भाषा दिसत असते, बारा वर्षं कम्प्युटरमधे असलेल्या माणसाने तिथे बघितलं नाही. विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला, इंग्रजी आलं, लॉगिन झालं, बॅकअप चालू केला, नाव नोंदवलं. पाच मिनिटांचं काम. अण्णा म्हणाले, "बघा, मी म्हटलं नव्हतं, मशीनमधे काही दोष नाही?"

तेवढ्यात बेल वाजली. सासूबाई, हातात रिकामं ताट, पदराने घाम पुसत, चपला पायातच.

"अहो ऐकलंत का, मला आत्ता त्या फसवणूकवाल्यांचा फोन आलेला! ओटीपी मागत होता. मी दाद दिली नाही." मग माझ्याकडे वळून, जरा हळू आवाजात, "पण आवाज मात्र मेल्याने अगदी तुमच्यासारखा काढला होता हो."