"राधानगरी फुटलंय, बघा की!"

गेल्या जुलैत कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या माझ्या शिकवणीत नववीतला एक मुलगा भिजतच आत आला आणि मोबाईलवरचा धरण फुटल्याचा व्हिडिओ पुढं करून म्हणाला, "मॅडम, राधानगरी फुटलंय, बघा की!" राधानगरी म्हणजे आमच्या वरच्या अंगाचं धरण. माझ्याही पोटात गोळा आला. २०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी होतं. ते विसरता येत नाही.

पुस्तकं मिटली. आवाज बंद करून सगळ्यांनी मिळून तो व्हिडिओ पुन्हा बघितला. मामाकडं शिकायला राहिलेली राधानगरी तालुक्यातली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मागचा डोंगर कोरडा हाय. आमच्याकडं आत्ता असला डोंगर कुठला?" तिनं वडिलांना फोन लावला. धरण शाबूत होतं. धरण भरल्यावर आपोआप उघडणाऱ्या सात दरवाजांपैकी दोन उघडले होते. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेचं पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ फुटांवर धोका, हे कोल्हापूरच्या पोरांना पाढ्यासारखं पाठ असतं. पण हातात आलेला व्हिडिओ या माहितीशी ताडून बघायचा, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नाही. शाळेत वर्षातून एकदा 'मोबाईल शाप की वरदान' यावर निबंध, की झालं.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवण्याच्या अफवेवरून जमावानं भटक्या समाजातल्या पाच माणसांना ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच फॉरवर्डची मर्यादा घातली. बटणाला लगाम लागला, माणसं तीच राहिली. केरळनं खोट्या बातम्या ओळखण्याचा धडा पाचवी-सातवीच्या पुस्तकात घातलाय. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्या गावात आठवड्याला एक तास यासाठी निघायलाच हवा.

आमच्या आजोबांच्या पेपरात खाली बारीक अक्षरात संपादकाचं नाव, छापखान्याचा पत्ता असायचा. जाब कुणाला विचारायचा ते ठाऊक होतं. रीलखाली तसलं काही नसतं. आणि आता हिरवागार डोंगरसुद्धा एआयवर बनवून मिळतो, त्यामुळं नुसत्या नजरेवर भागणार नाही. तिथं राहणाऱ्या कुणाला विचारता येईल, हे पोरांना आधी सुचलं पाहिजे, त्या मुलीला सुचलं तसं.

त्या मुलानं येताना वाटेतच तो व्हिडिओ चार ग्रुपवर टाकला होता. प्रत्येक ग्रुपवर त्यानं स्वतः लिहिलं, "हे खोटं आहे, मी चुकून पाठवलं." मग शिरोलीच्या आत्याला फोन केला. तिनं कपड्यांची बॅग भरून दारात ठेवली होती.