एमसीबी, रबरी चप्पल आणि वाळूचा खड्डा

आमच्याकडच्या मिस्त्री-मजुरांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. 'घरकुलाच्या कामावर करंटची भीती नको. एमसीबी लावा, रबरी चप्पल घाला, जवळच्या तारेवर प्लास्टिकचा पाइप चढवा. तरी झटका बसलाच तर माणसाला गळ्यापर्यंत वाळूत पुरा, माती करंट ओढून घेते.' दारव्हा-दिग्रस भागात मी वीस वर्षं वायरमनचं काम करतो. यातल्या एकाही गोष्टीवर विसंबू नका, आणि शेवटची तर जीव घेणारी आहे.

आधी एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, कारण तिच्यावर सगळ्यांचाच भरवसा. 'एमसीबी लावेल हाय ना भाऊ, काई नाई होत,' हे मी दर साइटवर ऐकतो. एमसीबी असते ती लोड वाढला किंवा शॉर्ट सर्किट झालं तर वायर जळू नये म्हणून. 16 अँपिअरची एमसीबी म्हणजे 16,000 मिलिअँपिअरच्या वर गेल्याशिवाय ती पडत नाही. घामाने भिजलेल्या अंगातून 230 व्होल्टवर साधारण 200 मिलिअँपिअर जातात. हृदयाची लय बिघडायला 50 ते 100 सुद्धा पुरतात. म्हणजे माणूस चिकटून राहतो आणि एमसीबीला पत्ताही लागत नाही. उन्हाळ्यात कुलरमध्ये पाणी भरताना आपल्याकडे माणसं जातात, त्या घरांतही एमसीबी असतेच की.

त्यासाठी वेगळी वस्तू मिळते, आरसीसीबी, 30 मिलिअँपिअरची. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत तेवढा फरक पडला, म्हणजे तो कुणाच्या अंगातून जमिनीत गेला, की सेकंदाच्या आत लाइन तोडते. सिमेंटच्या पाच-सहा पोत्यांच्या किमतीत येते. तिच्यावरचं टेस्टचं बटण काम सुरू करायच्या आधी रोज दाबून बघा; पडली नाही तर त्या बोर्डावर मशीन लावू नका. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही वायरी एकदमच हातात आल्या तर मात्र तीही वाचवत नाही. म्हणून प्लगशिवाय, आगपेटीच्या काड्या खोचून सॉकेटात वायर घालणं बंदच करा. स्लॅबच्या दिवशी काँक्रीट बसवायच्या व्हायब्रेटरच्या केबलचा जॉइंट सिमेंटच्या पोत्याच्या तुकड्याने बांधलेला मी पाहिलाय, आणि तो पडला होता ओल्या सळईवर.

चप्पल? करंटला पायातूनच जायचं असतं असं कुणी सांगितलं? एका हातात मिक्सरचा पत्रा आणि दुसरा हात सळईवर, एवढं पुरतं. शिवाय घासलेली, ओली, खिळा घुसलेली चप्पल अडवणार तरी काय?

पाइपचं थोडक्यात. 11 केव्हीची, म्हणजे 11,000 व्होल्टची तार उघडी असते, आणि चिरून चढवलेल्या पाइपात पावसाचं पाणी शिरतं. सळई 12 मीटरची येते, खांब त्याहून बुटका. उभी केली की तारेला भिडलीच. 11 केव्हीच्या तारेपासून बांधकाम आडवं 1.2 मीटर आणि उभं 3.7 मीटर लांब हवं, हा नियम आहे. तेवढी जागा नसेल तर महावितरणला 1912 वर कळवा आणि लाइन बंद झाल्याशिवाय त्या बाजूला सळई उचलू नका.

आता वाळू. तार सुटली की अंगात करंट उरत नाही, मातीने ओढायला काही नसतंच. थांबलेलं असतं ते हृदय, आणि मेंदू चार-सहा मिनिटांत खराब व्हायला लागतो. एका साइटवर मी पोचलो तेव्हा सहा माणसं फावड्यांनी खड्डा खणत होती. तो पोरगा बाजूला पडला होता आणि त्याच्या छातीवर एकाचाही हात नव्हता. सगळे त्याला वाचवायलाच धावले होते, मेसेजमध्ये लिहिलं होतं तसं.

आधी मेन स्विच पाडा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर बाजूला करा. 11 केव्हीची तार असेल तर लाइन बंद होईपर्यंत जवळ जाऊ नका. एकाने 108 लावायचा. श्वास नसेल तर दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी, हाड दोन इंच खाली जाईल असं, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबायचं. खेड्यात गाडी यायला वेळ लागतो, म्हणून दोन-दोन मिनिटांनी माणूस बदला आणि दाबणं सोडू नका. उठून बसला तरी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढा.