वाटी मी ढकलायचे

आज चर्चमधली उपासना सुटल्यावर आवारात चहा चालला होता. आमच्या मंडळीतल्या एका मुलीने मला बाजूला घेतलं. तिचा नवरा जाऊन आठ महिने झाले. म्हणाली, "ताई, माझं त्यांच्याशी बोलणं झालं." मला वाटलं स्वप्नाचं सांगतेय. नाही. व्हिडिओ कॉल! कुणी बाई आहे, स्वतःला मीडियम म्हणवते, म्हणजे मेलेल्यांशी बोलणं करून देणारी, 40 मिनिटांचे 4,500 रुपये. पुढचा कॉल शुक्रवारी सातला, पैसे भरून झालेत. (तिला विचारूनच लिहितेय.)

त्या बाईचा नंबर तिला दिला कुणी? आमच्याच महिला मंडळातल्या एकीने. मी विचारलं तर उलट मलाच म्हणते, "जाऊ दे गं, तिला समाधान मिळतंय ना."

समाधान! दुपारपासून हा शब्द डोक्यातून जात नाहीये. जेवणही गेलं नाही.

1988 मध्ये माझा दादा बडवाहजवळ नर्मदेत बुडाला. तो 17 वर्षांचा होता, मी 11 ची. त्यानंतर दर गुरुवारी मम्मी मला घेऊन निघायची. पप्पांना सांगायची इंदूरच्या राजवाड्यावर जातोय, आणि आम्ही जायचो रामबागेत एका निवृत्त मास्तरांकडे. पाटावर खडूने अक्षरं, मधे उलटी वाटी, वाटीवर तिघांची बोटं. प्लँचेट. मम्मी विचारायची, "पाण्यात थंडी वाजली का रे तुला?" वाटी सरकत 'ना' वर जायची, मग 'ही' वर.

ती वाटी मी ढकलायचे.

पहिल्या गुरुवारी कदाचित नकळत ढकलली असेल. नंतर मात्र जाणूनबुजून, कारण 'नाही' आलं की मम्मी श्वास सोडायची. मास्तरांनी एक पैसा घेतला नाही, माणूस भला होता. त्यांनाही ते खरंच वाटायचं. 1853 मध्ये मायकेल फॅरेडेने हेच दाखवलं होतं. तेव्हा इंग्लंडमध्ये टेबलं फिरवायचं वेड होतं. त्याने हाताखाली पुठ्ठ्याचे थर ठेवले आणि दिसलं की टेबलाच्या आधी हात सरकतो, आणि बसलेल्या प्रामाणिक माणसांना त्याचा पत्ताही नसतो. विजेवर एवढं काम केलेला हा माणूस लंडनमधल्या एका छोट्या मंडळीचा निष्ठावान सभासद होता, हे आपल्या मुलांना कुणी सांगत नाही.

आता कुणी म्हणेल, सगळंच हाताचं नसतं. नसेल. बायबलमध्ये शौल राजा एन-दोर गावी मेलेल्यांना बोलावणाऱ्या एका बाईकडे जातो; तिथे मेलेला संदेष्टा शमुवेल खरंच वर आला की नाही, यावर आपल्यातच एकमत नाही. पण मग तर जास्तच दूर राहायला हवं ना! कॉलवर नवऱ्याच्या आवाजात कोण बोलतंय, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

आमची उपासना हिंदीत होते, पण घरातलं शास्त्र, म्हणजे बायबल, आजोबांनी नगरहून आणलेलं, मराठी. त्यात 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या 18 व्या अध्यायात 'मृतांचा सल्ला घेणारा' तुमच्यात नसावा असं आहे. लहानपणी मला ते फर्मान वाटायचं. आता वाचते तेव्हा घाटावरची पाटी दिसते, पुढे पाणी खोल आहे म्हणणारी. दादा उतरला तिथे अशी पाटी नव्हती.

समाधान मिळालं असतं तर मम्मी पुढच्या गुरुवारी तोच प्रश्न घेऊन गेली नसती. रात्रभर झोप लागायची तिला, हो, मान्य. शनिवारपासून परत तेच. मधल्या दिवसांत घरात मी होते, माझी सहामाही होती, मला गोवर आला होता. तिला त्याची आठवणही नसायची.

शौलाचं मला आता वाईट वाटतं. स्वतःच भूतविद्या करणाऱ्यांना देशातून घालवलं आणि मग एका रात्री वेष बदलून त्यांच्याच दारात. स्वप्नं नाहीत, उरीम (देवाचा कौल घ्यायची याजकाकडची वस्तू) नाही, संदेष्टे नाहीत, देव बोलत नाही म्हणून गेला. काय मिळालं? वर आलेल्याने सांगितलं, "उद्या तू आणि तुझे मुलगे माझ्याबरोबर असाल," म्हणजे मेलेले. जमिनीवर आडवा पडला. दिवसभर, रात्रभर तो उपाशी होता आणि हे लक्षात आलं ते त्या बाईच्याच. वासरू कापून, भाकरी भाजून तिने त्याला जेवायला घातलं.

आणि आपण? चाळीस दिवसांनंतर त्या मुलीच्या घरी कोण गेलं? मीही नाही गेले. व्हॉट्सॲपवर वचन पाठवलं. मीडियमवर चिडून लिहायला बसले होते, पण ती बाई तिच्याशी 40 मिनिटं बोलली. आपण चहाच्या कपापुरते.

मम्मीचं थांबलं ते उपदेशाने नाही. पप्पांना कळल्यावर भांडण झालं, पाळक येऊन वचन वाचून गेले, ती मुकाट ऐकायची आणि गुरुवारी निघायची. मग मंडळीतल्या एक मावशी गुरुवारी चारला यायला लागल्या. मेथीची जुडी आणायच्या, खाली बसून निवडायच्या. दादा काय खायचा, कसा भांडायचा, विचारत राहायच्या. मम्मी त्यांना सांगता सांगता रडायची. रामबागेत ती कधी रडली नव्हती.

पुढे ती बायबलमधल्या दाविद राजाचं वाक्य म्हणायला लागली, लेकरू गेल्यावरचं: मी त्याच्याकडे जाईन, पण तो माझ्याकडे परत येणार नाही. 2019 मध्ये ती गेली. वाटीचं मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. पुनरुत्थानाच्या दिवशी दादाच सांगेल तिला, थंडी वाजली की नाही ते.

शुक्रवारी सहाला मी त्या मुलीकडे जाऊन बसणार आहे. कॉल घेऊ नको असं म्हणणार नाही, नुसती बसेन. कुणाला यायचं असेल तर या. वचन ऐकवायला नको, डबा आणा. तिच्या मुलाला तिखट चालत नाही, भाजी फिकी करा.