निळा दिवा पेटला म्हणजे पाणी शुद्ध झालं, असं नाही

व्हॉट्सअॅपवर फिरणारा संदेश असा: ‘घरात यूव्ही (अतिनील किरणांनी पाण्यातले जंतू मारणारं यंत्र) असेल तर बोअरचं, टँकरचं कसलंही पाणी निर्धास्त प्या. निळा दिवा पेटतोय तोवर काहीही बदलू नका. यूव्हीतून निघालेलं पाणी कितीही दिवस टिकतं.’ यातलं एकही वाक्य खरं नाही. लहान मुलं असलेल्या घरात तर यावर विसंबणं धोक्याचं आहे.

आधी दिव्याचं. जंतूंचा डीएनए बिघडवणारा २५४ नॅनोमीटरचा किरण डोळ्यांना दिसत नाही; दिसतो तो सोबतचा निळसर उजेड. सतत पेटणाऱ्या नेहमीच्या पारायुक्त दिव्याचं आयुष्य साधारण ९,००० तास, म्हणजे वर्षभर. त्यानंतरही तो निळा दिसतो, पण किरणांचा मारा उणावलेला असतो. त्यातच भोवतीच्या क्वार्ट्झच्या नळीवर जड पाण्याचा क्षार बसतो, पाण्यात लोह असेल तर तांबूस थर. प्लग काढा, पाणी बंद करा, दिवा गार होऊ द्या, नळी बाहेर काढून व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवा. थर सुटला की मऊ फडक्याने पुसा. नळीच्या टोकाची ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) चिरलेली असेल तर बदला. आधी पाणी सोडून गळती तपासा, मगच वीज. उघडा दिवा कधीही पेटवून पाहू नका, डोळे भाजतात.

‘कसलंही पाणी’ हा दावा सर्वांत घातक. गढूळ पाण्यात जंतू कणांच्या आडोशाला वाचतात, म्हणून यूव्हीआधी ५ मायक्रॉनचा फिल्टर हवा आणि गढूळपणा १ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत. प्रवाह दुप्पट केला की किरणांची मात्रा निम्मी होते. घाई म्हणून फ्लो रिस्ट्रिक्टर (प्रवाह मर्यादित ठेवणारा भाग) काढणारे हेच करतात. आणि यवतमाळ, चंद्रपूरकडच्या बोअरमधलं फ्लोराइड किंवा शेतातून झिरपलेलं नायट्रेट यूव्हीने तसूभरही कमी होत नाही. तिथे आरओ किंवा दुसरा स्रोतच हवा.

यूव्हीचं खरं बळ वेगळं आहे: क्लोरीनला दाद न देणारा, जुलाब करणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी जंतू त्याने सहज निकामी होतो. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकीत याच जंतूने सुमारे ४ लाख लोक आजारी पडले होते.

‘कितीही दिवस’चं उत्तर थोडक्यात: क्लोरीन पाण्यात उरतं, किरण उरत नाही. हात बुडवला की पाणी पुन्हा दूषित. झाकणाच्या, तोटीच्या भांड्यात ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. वीज गेली तर यूव्ही नाहीच. तेव्हा पाणी खळखळून किमान एक मिनिट उकळा.