पट्ट्याचं नंतर बघू काका, आधी पायाखालच्या विटा बघा

गेल्या आठवड्यात तो मेसेज मला तीन ग्रुपवर आला आणि शेवटी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण पडला, तेव्हा म्हटलं आता लिहायलाच पाहिजे. वर आमच्या बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसचा फोटो, खाली सहा मुद्दे आणि एका पट्ट्याचा फोटो. सार एवढंच की पालखीवर, म्हणजे बांधकामाच्या परांचीवर, काम करणाऱ्यांना सेफ्टीचे पट्टे-बिट्टे घालायला लावणं हे कंपन्यांचं माल खपवायचं नाटक आहे. जुन्या लोकांनी पट्ट्याशिवाय राजवाडे बांधले, अनुभवी कारागीर पडत नाही, दोन मजल्यांवरून पडून कोणी मरत नाही, उलट पट्ट्यात लटकलेला माणूस ५ मिनिटांत मरतो, हाँगकाँगमध्ये ६० मजल्यांना बांबूच लावतात, आणि एवढीच भीती असेल तर बास्केटवाली लिफ्ट भाड्याने आणा, त्यात काहीच लावावं लागत नाही. आमच्याकडे दिवाळीआधी रंगकाम काढायचंय म्हणून एका काकांनी तो टाकला आणि खाली लिहिलं, "ठेकेदार सेफ्टीचे वेगळे पैसे मागतोय, विचार व्हावा."

काका, राग मानू नका, विचार केलाय. २१ वर्षं गोत्री, भायली, वाघोडिया रोड या भागात साइट सुपरवायझरचं काम करतोय, त्यामुळे हा विचार रोजचाच आहे. (पालख हा आमचा बडोद्याचा गुजराती शब्द, घरी आजोबा परांची म्हणायचे, वस्तू तीच.)

पहिलं राजवाड्याचं. पॅलेस १८९० ला पूर्ण झाला, पहिला आर्किटेक्ट मेजर मँट, हे शाळेतल्या पोराला पण माहीत असतं. पण त्या भिंतींवर बांबू बांधून चढलेल्या एका तरी गड्याचं नाव सांगा बरं. ज्यांची नावंच कोणी लिहून ठेवली नाहीत त्यांच्यातलं कोणी पडलं नाही हा हिशोब मेसेजवाल्याकडे आला कुठून? आणि जुने लोक बेफिकीर होते हेही खरं नाही हो. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल १९३३ ते १९३७ मध्ये बांधला, तेव्हा आजच्यासारखे पट्टे नव्हते, पण पुलाखाली पूर्ण लांबीची जाळी बांधली होती आणि त्या जाळीने १९ माणसं झेलली. आता पुढचं ऐका, १७ फेब्रुवारी १९३७ ला त्याच पुलावर लटकती पालख सुटली, ती माणसांसकट जाळीत पडली, जाळी फाटली आणि १० जण गेले. म्हणजे जाळी होती, ती माणसाला पुरली, पण पालखच खाली आली तर पुरली नाही. हा मुद्दा डोक्यात ठेवा, मी परत येणार आहे त्याच्यावर.

अनुभवी माणूस पडत नाही म्हणे. नवा पोरगा घाबरलेला असतो, एका हाताने पाइप धरूनच चालतो. पडतो तो हात बसलेला माणूस, कारण त्याचं लक्ष पायाकडे नसतं, कामाकडे असतं. रंगारी बघा कधी, रंगाचा पट्टा मारून झाला की काम कसं दिसतंय बघायला तो दोन पावलं मागं जातो. जमिनीवर ही चांगल्या कारागिराची खूण. दीड फुटाच्या फळीवर मागं कठडा नसेल तर दुसऱ्या पावलाला खाली काही नसतं. फळीचं पण तसंच आहे, तिचं टोक आधाराच्या पुढं फूट-दीड फूट आलेलं असलं आणि बांधलेलं नसलं तर त्या टोकावर पाय पडला की ती सीसॉसारखी उलटते, मग तुमचा अनुभव ५ वर्षांचा असो की ३० चा, फळीला काय फरक पडतो.

दोन मजल्यांचं गणित तर बारावीचं आहे. १० फुटांवरून पडायला पाऊण सेकंदाच्या जरा वर वेळ लागतो आणि जमिनीला लागताना वेग ताशी २८ किलोमीटरच्या आसपास असतो. २० फुटांवरून सव्वा सेकंद पण नाही, आणि वेग ३९. चालत्या स्कूटरवरून हेल्मेट न घालता थेट ओट्यावर डोकं आपटलं असं समजा. "उडी मारता येते" असं पण त्या मेसेजमध्ये आहे, अहो पाऊण सेकंदात "अरे" म्हणून होत नाही. अमेरिकेत पालखीवर १० फुटांच्या वर गेलं की कठडा किंवा पट्टा सक्तीचा आहे, तो आकडा कोणी उगाच काढलेला नाही. आपल्याकडे पण १९९६ साली बांधकाम मजुरांसाठी वेगळा कायदा झाला, १९९८ ला त्याचे केंद्राचे नियम आले आणि त्यात पालखीसाठी अख्खं प्रकरण होतं, त्यामुळे हे सगळं परवा-परवा कंपन्यांनी काढलं असं कोणी म्हणत असेल तर ते पण चूक.

आता पट्ट्यात लटकून माणूस मरतो, हा मुद्दा. सहापैकी एवढ्या एकातच थोडं तथ्य आहे म्हणून जरा नीट लिहितो. हार्नेसमध्ये (म्हणजे खांदे आणि मांड्यांना बांधायच्या पूर्ण अंगाच्या पट्ट्यात) माणूस हालचाल न करता लटकत राहिला तर पायात रक्त साचतं, चक्कर येते, बेशुद्ध होऊ शकतो आणि तसाच टांगून ठेवला तर जीव जाऊ शकतो, खरं आहे. पण त्यावर उपाय हार्नेस काढून टाकणं हा नाही ना, उपाय म्हणजे माणसाला लगेच खाली घेणं. लटकलेला शुद्धीवर असेल तर त्याने पाय हलवत राहायचं, हार्नेसला पाय टेकवायची पट्टी मिळते ती लावायची, तेवढ्यात खालच्यांनी त्याला उतरवायचं. कोणी उतरवायचं, कशाने, शिडी कुठं ठेवलीय, हे काम सुरू व्हायच्या आधी ठरलेलं पाहिजे. १०८ ला फोन करायचाच, पण १०८ वाले वर चढून माणूस सोडवत नाहीत, ते खाली आलेल्या माणसाला नेतात.

आणि मेसेजवाल्याने पट्ट्याचा म्हणून जो फोटो टाकलाय तो हार्नेसचा नाहीच, कमरेच्या पट्ट्याचा आहे. हे दोन वेगळे प्रकार आहेत. कमरपट्ट्याने माणूस पडता पडता झेलायचा ही पद्धत अमेरिकेत १ जानेवारी १९९८ पासून बंद आहे, कारण सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर येतो. झटक्याचा हिशोब करून बघा: ७० किलोचा माणूस ६ फूट पडला आणि साध्या दोरीने त्याला वीतभर अंतरात थांबवला तर अंगावर सरासरी १० पट, म्हणजे ७०० किलोचा ओढा येतो. तोच माणूस शॉक अॅब्झॉर्बरवाल्या दोरीने मीटरभर अंतरात थांबला तर २०० किलोच्या आसपास. दोरीला ती शिवलेली जाड गुंडाळी असते ना, ज्याला पोरं "हे काय लोंबतंय" म्हणून कापायला निघतात, ती झटक्याला उसवण्यासाठीच असते.

पण तिचीही एक गंमत आहे, गुंडाळी उसवायला जागा लागते. दोरी ६ फूट, गुंडाळी उसवली की आणखी साडेतीन फूट, पाठीच्या कडीपासून पायापर्यंत ५ फूट, शिवाय खाली थोडी मोकळी जागा, म्हणजे दोरीचा हूक पायाजवळ लावलाय तर खाली १७-१८ फूट मोकळे पाहिजेत. १२ फुटांच्या पालखीवर पायाजवळ हूक लावलेला माणूस पट्ट्यासकट जमिनीवर येतो. म्हणून हूक डोक्याच्या वर पाहिजे, आणि असा पाहिजे की तो माणसाचा झटका झेलेल.

इथं मला माझीच एक गोष्ट सांगायची आहे, नाव-गाव सोडून. भायलीकडं एका साइटवर प्लास्टर चालू होतं, मी खालून ओरडलो, हूक का नाही लावला म्हणून. दाहोदकडचा कडिया, म्हणजे गवंडी होता, शांत माणूस, चाळिशीचा, त्याने हातातला थापी-रंधा फळीवर ठेवला, हूक हातात धरून मला दाखवला आणि म्हणाला, "साहेब, हूक क्यां भरावुं?" म्हणजे अडकवू कुठं. मी चढलो वर. बघतो तर खरंच कुठं नाही. मागचा कठडा म्हणून एकच पाइप, तो पण एका बाजूला काथ्याने बांधलेला, हाताने हलवला तर टकटक वाजतोय. भिंतीकडे पालख बिल्डिंगला बांधायचे जे टाय असतात त्यातले दोन प्लास्टरच्या मध्ये येत होते म्हणून आदल्या दिवशी काढलेले आणि परत लावलेलेच नाहीत. बाहेरून हिरवी जाळी मस्त ताणलेली, खालून एकदम शिस्तीचं काम दिसत होतं. पालख पायाच्या रुंदीच्या चौपट उंच गेली की तिला बिल्डिंगला धरून ठेवावंच लागतं आणि जाळी लावली की ती शिडासारखी वारा पकडते, म्हणजे टाय आणखी जास्त लागतात. आम्ही टाय काढून जाळी लावली होती. त्याने हूक लावला असता तरी तो त्याच पालखीला, आणि पालखच निघाली तर सगळे मिळून खाली, तो गोल्डन गेटचा किस्सा. त्या दिवशी मी त्याला रागावलो होतो त्याबद्दल मला अजून लाज वाटते. काम बंद केलं, टाय लावले, कठड्याला वरचा आणि मधला असे दोन पाइप आणि खाली पायाची फळी लावली, वर स्लॅबच्या सळईतून हुकासाठी वेगळा तारदोर काढला, तेव्हा दुपार झाली होती आणि ठेकेदाराचा फोन आला की आजचं प्लास्टर किती झालं. मी म्हटलं, शून्य.

म्हणून मेसेजवाला आणि त्याच्याशी भांडणारे, दोघांवर माझा राग आहे. दोघं पट्टा-पट्टा करतायत. माणूस पडणार की नाही हे पट्ट्याच्या आधी फळी, कठडा, टाय आणि पाया ठरवतात, पट्टा म्हणजे हे सगळं चुकल्यावरची शेवटची गोष्ट.

पायाचं सांगायचं तर २०२४ च्या ऑगस्टचं विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी आठवा. पाणी उतरल्यावर काम परत सुरू करायला गेलो तर पालखीचे दोन पाय चार बोटं खचलेले, कारण बेस प्लेट (पायाखालची लोखंडी पट्टी) थेट भरावाच्या मातीवर आणि एका ठिकाणी तर दोन विटांवर. वीट भार आला की फुटते, एका क्षणात, आवाज पण करत नाही. खाली जाड लाकडी फळी, तिच्यावर प्लेट, एवढंच करायचं असतं. पाऊस, वादळ झालं की चढायच्या आधी परत तपासायचं. एरवी पण रोज सकाळी.

हाँगकाँगचं घाईत आटपतो. तिथं वापरतात ते ठरावीक जातीचे, किमान तीन वर्षं वाढलेले, वाळवलेले बांबू, बांधणारे ट्रेनिंग घेतलेले. आपल्याकडे हिरवा बांबू, चिरलेला असला तरी चालतो, काथ्या पावसात फुगतो आणि उन्हात सैल पडतो, गेल्या वर्षीचाच माल परत. आणि खुद्द हाँगकाँग सरकारनेच मार्च २०२५ मध्ये ठरवलं की नव्या सरकारी इमारतींच्या किमान निम्म्या कामांना धातूची पालख वापरायची. बांबू वाईट नाही, पण बांबूचं नाव घेऊन काहीही बांधायला परवानगी मिळत नाही.

राहिली लिफ्ट. बूम लिफ्टमध्ये, म्हणजे लांब हाताच्या टोकाला बास्केट असलेल्या लिफ्टमध्ये, हार्नेस लागतोच. चाक खड्ड्यात गेलं किंवा बूमला खालून धक्का बसला की वरची बास्केट गोफणीसारखी उसळते आणि माणूस बाहेर फेकला जातो, म्हणून आखूड दोरी बास्केटच्याच कडीला लावायची, बाल्कनीच्या ग्रिलला नाही, नाहीतर बास्केट हलली की माणूस दोन्हीकडे ओढला जाईल. बास्केटच्या कठड्यावर चढायचं नाही, आत शिडी ठेवायची नाही. मशीनचं वजन बघा, ६० फुटी बूम लिफ्ट १० टनांच्या घरात असते आणि आपल्या पार्किंगखाली पाण्याची टाकी आहे, काका. तिचं झाकण कुठं आहे ते ड्रायव्हरला कोण सांगणार? आणि मागच्या गल्लीतली वीज तार, तिच्यापासून १० फूट लांबच. उत्तरायणाचा मांजा लोंबत असतो तिथं, बास्केटमधून हात लांब करून ओढायचा मोह होतो लोकांना, मी बघितलंय. बाहेर वापरायच्या बऱ्याच लिफ्टना वाऱ्याची मर्यादा ताशी ४५ किलोमीटर असते, मशीनवरच लिहिलेलं असतं, वाचा.

तर काका, ठेकेदार सेफ्टीचे वेगळे पैसे मागतोय ना, ते द्यायच्या आधी त्याला विचारा की कठडा किती बाजूंना, टाय किती आणि कुठं, हूक कशाला लावणार, लटकलेला माणूस कोण उतरवणार. फक्त "पट्टे देतो" म्हणाला तर पैसे देऊ नका, त्याला परत पाठवा. आणि सोमवारी त्याची माणसं पालख बांधायला येणार आहेत, सकाळी साडेआठला खाली या, मी टेप घेऊन येतो, बी विंगच्या मागं ती गटाराची जागा आहे तिथून सुरू करू, तिथली माती मी पावसाळ्यात बघितलीय.